निकालाचा दिवस आणि व्हिएन्नाचा एक समुपदेशक

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेले भाषण)



‘मानसिक आरोग्य आणि शिक्षक’ असा भारदस्त विषय मला नेमून देण्यात आला आहे. मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. चौतीस वर्षे खेड्यापाड्यांतील शाळांत खडू झिजवून निवृत्त झालेला मी एक शिक्षक. व्याख्या आणि प्रकार सांगत बसलो तर आपण सभ्यपणाने ऐकून घ्याल आणि चहाच्या वेळी विसरून जाल, याची मला पूर्ण कल्पना आहे. कारण त्या बाकावर बसून मीही तेच केले आहे. म्हणून आज एकाच माणसाचे काम आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. परंतु त्याआधी माझी एक चूक सांगणे मला भाग आहे, कारण तिच्यामुळेच मी या माणसापर्यंत पोहोचलो.

माझ्या नोकरीचे ते दुसरे-तिसरे वर्ष असावे. 1 मे, महाराष्ट्र दिन. झेंडावंदन झाले, मुले रांगेत उभी, पालक कट्ट्यावर, आणि मी हाती निकालपत्रक घेऊन खड्या आवाजात नावे वाचू लागलो. त्या काळी उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण अशी सर्वच नावे वाचण्याची रीत होती. चौथीतील एका मुलाचे नाव वाचून मी ‘नापास’ म्हणालो आणि वर, पालकांनी लक्ष द्यावे म्हणून, दोन शब्द अधिक बोललो. ते कोणते, हे आज सांगण्यास जीभ रेटत नाही. मुले हसली. सायंकाळी त्या मुलाची आई दारात उभी. ‘गुरुजी, पोरगं अजून घरला आलं न्हाई.’

त्या रात्री सगळे गाव कंदील आणि विजेऱ्या घेऊन विहिरी पाहत हिंडले. एकेका विहिरीच्या काठाशी उभे राहून आत उजेड टाकताना माझी जी अवस्था झाली, ती मी कधी विसरू शकलो नाही. पहाटे खंडोबाच्या टेकडीवर एका धनगराला पोर सापडले. मेंढरांत शिरून झोपले होते. मला पाहताच त्याने विचारले, ‘गुरुजी, सगळी अजून हसत्यात का?’ भूक लागली, भीती वाटली, बाप मारील, यांपैकी काहीच त्याने म्हटले नाही.

पोर सुखरूप मिळाले आणि गाव ते विसरले. मी मात्र विसरलो नाही. बऱ्याच वर्षांनी व्हिक्टर फ्रँकल यांच्याविषयी वाचताना निकालाच्या दिवसाचा उल्लेख आला, आणि मी पुस्तक बाजूला ठेवून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.

फ्रँकल यांचा जन्म 26 मार्च 1905 रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या शाळकरी वयातील एक प्रसंग आपल्या व्यवसायाशी संबंध असलेला आहे. विज्ञानाचे शिक्षक वर्गात सांगत होते की, जीवन म्हणजे अखेर एक ज्वलनक्रिया, याहून अधिक काही नाही. हा मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला की असे असेल, तर मग जीवनाला अर्थ तो काय? शिक्षकांनी काय उत्तर दिले ते ठाऊक नाही. परंतु तो प्रश्न पुढे ब्याण्णव वर्षांचे आयुष्य व्यापून उरला. आपल्या वर्गात अवेळी उठून काहीतरी विचारणारी मुले असतात आणि अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून आपण त्यांना खाली बसवतो. मीही बसवली आहेत.

व्हिएन्ना हे त्या वेळी मनाच्या शास्त्राचे माहेरघर होते. फ्रॉइड तेथेच होते. विद्यार्थिदशेतच फ्रँकल यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि फ्रॉइड यांच्या मध्यस्थीने त्यांचा एक लेख 1924 साली प्रसिद्धही झाला. पुढे ते ॲडलर यांच्या गटात गेले, आणि मतभेद झाल्यामुळे 1927 साली त्या गटातून त्यांना बाहेर पडावे लागले. या पंडितांच्या वादांत शिरण्याचे आपल्याला कारण नाही.

कारण आहे ते पुढल्या कामाशी. पहिल्या महायुद्धात सर्वस्व गमावलेले ते शहर. बेकारी, उपासमार, आणि तरुण मुलांच्या आत्महत्या. फ्रँकल तेव्हा वैद्यकीचे विद्यार्थी होते. पदवीही हाती नव्हती. तरीही 1928च्या सुमारास त्यांनी तरुणांसाठी सल्लाकेंद्रे काढली, प्रथम व्हिएन्नात आणि मग इतर शहरांत. सल्ला विनामूल्य, आणि आलेल्याचे नाव गुप्त. त्यासाठी इमारत बांधली नाही की अनुदानाची वाट पाहिली नाही. सल्ला देणारे आपापल्या राहत्या घरी ठरावीक वेळी बसत आणि त्यांचे पत्ते जाहीर केलेले असत. या कामात त्यांना नामांकित माणसांची साथ मिळाली. त्यांपैकी ऑगस्ट आयखहॉर्न हे नाव आपण लक्षात ठेवावे असे मला वाटते, कारण हे गृहस्थ मूळचे प्राथमिक शिक्षक. वाट चुकलेल्या मुलांवरील त्यांच्या 1925 सालच्या पुस्तकाला खुद्द फ्रॉइडने प्रस्तावना लिहिली होती. प्राथमिक शिक्षकाला मनाच्या शास्त्रातील काय कळते, असे कुणी आपल्याला म्हणाले, तर हे नाव सांगावे.

1930 साली फ्रँकल यांनी शाळांची निकालपत्रे वाटली जातात त्या दिवसांसाठी एक खास मोहीम आखली. कोणत्या दिवसांत मुले अधिक धोक्यात असतात हे उघड होते; त्याच दिवसांत सल्ला देणारी माणसे अधिक सज्ज ठेवायची, एवढीच ती युक्ती. आणि अनेक वर्षांत प्रथमच त्या हंगामात व्हिएन्नातील एकाही विद्यार्थ्याने आत्महत्या केली नाही, अशी नोंद आहे. सगळे श्रेय त्या मोहिमेचेच होते की नाही यावर विद्वानांनी वाद घालावा. मला त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. संकटाचा दिवस पंचांगात आधीच ठाऊक होता, आणि ठाऊक असलेल्या दिवसाची कोणीतरी तयारी केली. आपलाही दिवस ठाऊक आहे. निकालाची तारीख आपणच तर जाहीर करतो.

पदवी मिळाल्यावर 1933 ते 1937 ही चार वर्षे फ्रँकल यांनी व्हिएन्नाच्या मोठ्या मनोरुग्णालयात काढली. जीव देऊ पाहणाऱ्या स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे होता आणि हजारो स्त्रिया त्यांच्या हाताखालून गेल्या. शिकलेले सारे बाजूला ठेवून रुग्णांकडूनच शिकायचे, असे त्यांनी स्वतःशी ठरवले होते. एखादीला घरी सोडायची वेळ आली की ते विचारीत, जीव द्यावा असे अजून वाटते का? सर्वच ‘नाही’ म्हणत. घरी जायचे असे म्हटल्यावर कोण ‘होय’ म्हणेल? मग ते पुढचा प्रश्न विचारीत: का वाटत नाही? येथे मात्र फरक पडे. जी खरोखरच सावरली होती ती लगेच सांगे की, माझे मूल लहान आहे, किंवा अमके काम अर्धे राहिले आहे, किंवा माझी श्रद्धा मला तसे करू देत नाही. जी सावरलेली नसे ती घुटमळे, नजर चुकवी आणि तिला उत्तर सापडत नसे.

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचा उपयोग मी माझ्या परीने केला आहे. ‘बरा आहेस ना?’ या प्रश्नाला मूल ‘हो’ म्हणणारच. त्याला ‘घरी गेल्यावर आज काय करणार?’ असे विचारावे. जे मूल म्हणते की शेळीला पाला आणायचा आहे, आजीला दवाखान्यात न्यायचे आहे, त्याच्याविषयी चिंता थोडी कमी करावी. जे नुसते जमिनीकडे पाहते, त्याच्या घरी त्याच दिवशी जावे. अर्थात ही काही वैद्याची नाडीपरीक्षा नव्हे, आणि मी तिच्यावर विसंबून कोणाला निर्धास्त सोडलेले नाही. कोठे जायचे, एवढे मला त्यातून समजत असे.

1938 साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यूंचे हक्क एकेक करून काढून घेतले गेले. 1940 पासून फ्रँकल ज्यूंसाठी उरलेल्या रॉथशिल्ड रुग्णालयात मज्जाविकार विभागाचे प्रमुख होते. 1941 साली त्यांना अमेरिकेत जाण्याचा परवाना मिळाला. जावे तर वृद्ध आईवडील मागे राहतात, आणि मागे राहिलेल्या ज्यू वृद्धांचे काय होते हे सर्वांना ठाऊक झाले होते. अशा मनःस्थितीत ते घरी आले, तेव्हा वडिलांनी उद्ध्वस्त केलेल्या प्रार्थनामंदिरातून उचलून आणलेला संगमरवराचा एक तुकडा मेजावर होता. त्यावरचे अक्षर मातापित्यांचा मान राखण्याच्या आज्ञेतील होते. फ्रँकल यांनी परवान्याची मुदत जाऊ दिली. आपल्याकडील कुणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही.

सप्टेंबर 1942 मध्ये पत्नी आणि आईवडिलांसह त्यांची रवानगी थेरेझिनश्टाटच्या छावणीत झाली. वडील तेथेच 1943 साली वारले. त्या स्थितीतही फ्रँकल यांनी जुने काम पुन्हा मांडले. नव्याने येणाऱ्या माणसांना पहिल्या तासांत जो धक्का बसे तोच अनेकांचा घात करी. तेव्हा आगगाडीतून उतरणाऱ्यांना कोणीतरी भेटून धीर द्यायचा, काय आहे ते खरे सांगायचे, अशी व्यवस्था त्यांनी सहकाऱ्यांसह उभी केली. गाड्यांना सामोऱ्या जाणाऱ्यांत रेजिना योनास या होत्या. ज्यूंच्या धर्मगुरूची दीक्षा 1935 साली मिळवणारी ती पहिली स्त्री. 1944 साली ऑश्विट्झ येथे तिची हत्या झाली.

ऑक्टोबर 1944 मध्ये फ्रँकल यांनाही ऑश्विट्झला नेले गेले. त्यांचा तेथील मुक्काम काही दिवसांचाच होता. पुढील हाल काउफरिंग आणि ट्युर्कहाइम या छावण्यांत झाले. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांचे नाव एवढ्या एकाच ठिकाणाशी जोडण्याची चूक सर्रास होते. अंगरख्याच्या अस्तरात शिवलेले त्यांचे ग्रंथाचे हस्तलिखित ऑश्विट्झला हरवले. पुढे तापाने फणफणले असता, रात्री झोप लागली तर आपण उठणार नाही या भीतीने, कागदाच्या चिटोऱ्यांवर ते पुस्तक त्यांनी आठवून आठवून पुन्हा टिपले. कामाने माणूस कसा तगतो याचा प्रयोग त्यांनी स्वतःच्याच देहावर केला, असे म्हणावे लागते.

छावणीत दोन माणसांनी जगण्याची आशा सोडल्याचे त्यांना कळले. फ्रँकल यांनी उपदेश केला नाही. तुझी वाट कोण पाहत आहे, एवढेच शोधून काढले. एकाचे मूल परदेशी होते आणि त्याच्या मार्गाकडे डोळे लावून बसले होते. दुसरा शास्त्रज्ञ, त्याची ग्रंथमाला अपुरी होती आणि ती दुसरा कोणी पुरी करू शकला नसता. दोघेही सावरले. मला या गोष्टीतील मर्म असे दिसते की, समुपदेशकाने पदरचे काहीच दिले नाही. त्या माणसाचेच जे होते, ते त्याच्या हाती परत दिले.

27 एप्रिल 1945 रोजी सुटका झाली. आई, भाऊ आणि पत्नी टिली ही तिघेही गेल्याचे त्यांना त्यानंतर कळले. बहीण तेवढी आधीच देशाबाहेर पडल्याने वाचली. आणि येथून त्यांच्या कार्याचा जो भाग सुरू होतो तो मला अधिक मोलाचा वाटतो, कारण आघात सोसताना माणूस कसा वागतो हे पुष्कळांनी लिहिले आहे, आघात संपल्यावर काय होते ते थोड्यांनी. सुटलेला माणूस आनंदाने नाचेल अशी आपली कल्पना. प्रत्यक्षात त्यांना आनंद वाटतच नव्हता. ती कला जणू विसरली होती. फ्रँकल यांनी सुटकेनंतरचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. ते आणि एक सोबती शेतावरून चालले असता समोर हिरवे पीक आले. फ्रँकल वळसा घालू लागले, तर सोबत्याने त्यांना पिकातूनच ओढून नेले. आमचे सगळे गेले, आणि आम्ही चार ताटेही तुडवायची नाहीत, असा त्याचा संतप्त सवाल होता. शेतकऱ्याच्या मुलांना शिकवणाऱ्या आपणांस उभे पीक तुडवण्याचा अर्थ सांगायला नको. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला अन्यायाचा परवाना मिळत नाही, हे त्या माणसाला पुन्हा शिकावे लागणार होते, आणि तेही हळूहळू, कुणाच्या तरी संगतीत.

हे वाचले तेव्हा मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादकडील गावे झोपेतच गाडली गेली. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. उबेसाठी बांधलेली घरेच अंगावर आली. त्यानंतर काही महिने तिकडील एका पत्र्याच्या शाळेत मी होतो. एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत दगड रचून घर करी आणि लाथेने पाडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी त्याला चिडून म्हणालो, ‘अरे, चांगलं बांधलेलं पाडतोस कशाला?’ त्याने काहीच उत्तर दिले नाही आणि पुढे दोन दिवस तो शाळेत आला नाही. आघात सोसलेले मूल घडलेली गोष्ट खेळातून पुन्हापुन्हा मांडते, हे मला पुढे समजले. त्याला अडवायचे नसते. जवळ बसायचे असते. नंतर मी नुसता त्याच्याजवळ बसू लागलो. एक दिवस त्याने घर रचले, पाडले, आणि ढिगाऱ्यातून एक लहानसा दगड काढून बाजूला ठेवला. म्हणाला, ‘ही ताई.’ त्या दिवसापासून तो बोलू लागला. ताई प्रत्यक्षात निघाली नव्हती, हे मला ठाऊक होते. त्यालाही होते.

फ्रँकल 1946 साली व्हिएन्नाच्या पॉलिक्लिनिक रुग्णालयात मज्जाविकार विभागाचे प्रमुख झाले आणि सुमारे पंचवीस वर्षे तेथेच राहिले. छावणीतील अनुभवांचे त्यांचे लहानसे पुस्तक नऊ दिवसांत तोंडी सांगून लिहून घेतले गेले आणि 1946 साली निघाले. 1947 साली त्यांनी दुसरा विवाह केला. एक कन्या झाली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हे गृहस्थ विमान चालवायला शिकले! निवृत्तीनंतर माझ्याकडून अजून सायकलची साखळी धड बसत नाही.

त्यांच्या उपचाराचा एक नमुना प्रसिद्ध आहे. पत्नीच्या निधनाने दोन वर्षे खचलेले एक वृद्ध डॉक्टर त्यांच्याकडे आले. फ्रँकल यांनी विचारले की, आधी तुम्ही गेला असता तर? वृद्ध म्हणाले, तिला ते फार जड गेले असते. मग हे दुःख तिच्या वाट्याला आले नाही, ते तुम्ही तिच्यासाठी उचलले आहे, असे फ्रँकल म्हणाले. वृद्धाने त्यांचा हात हाती घेतला आणि ते निघून गेले. दुःख तेवढेच राहिले. वाहणाऱ्याला ते कोणासाठी वाहतो हे कळले.

या माणसावर टीकाही झाली, ती लपवणे योग्य नव्हे. सर्व दुःखात अर्थ शोधा असे सांगणे म्हणजे निरर्थक क्रौर्यावर पांघरूण घालणे, असे काहींनी म्हटले. एका संपूर्ण राष्ट्राला सामुदायिकरीत्या दोषी धरू नये हे त्यांचे मत त्यांच्याच दुःखबांधवांना झोंबले. पहिला आक्षेप मला आपल्या कामापुरता फार खरा वाटतो. मार खाऊन आलेल्या मुलाला ‘यातून काहीतरी शिक’ म्हणून सांगणे हा अर्थशोध नव्हे, तो निव्वळ निर्दयपणा होय. आधी मार थांबवला पाहिजे. अर्थ शोधायचा तो ज्याचा त्याने, सवडीने. 2 सप्टेंबर 1997 रोजी फ्रँकल यांचे निधन झाले.

आता आपल्या शाळांविषयी. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंची मनाई केली आहे. माझ्या त्या 1 मेच्या भाषणाला आज कायद्यात नाव आहे, हे आपण जाणता. मधल्या काळात आठवीपर्यंत नापास करणे थांबले होते. 2019च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीच्या परीक्षेची वाट पुन्हा मोकळी झाली. तो निर्णय बरा की वाईट हा वाद आज नको. परंतु ‘नापास’ हा शब्द पुन्हा वर्गात येणार असेल, तर त्याची तयारी निकालपत्रक भरण्याआधीच व्हावी, एवढी माझी विनंती आहे. ज्या मुलाचा निकाल मनासारखा नाही त्याच्या घरी आपण आदल्या सायंकाळी जावे. बापाशी आपण बोलावे, मुलाकरवी निरोप धाडू नये. पुढील परीक्षेची तारीख आणि शिकवणीची वेळ त्याच भेटीत सांगावी, म्हणजे मुलाच्या हाती उद्याचे काहीतरी राहते. मी हे पुढे अठ्ठावीस वर्षे केले. कधी बापाने दारू पिऊन शिव्या दिल्या, कधी चहा मिळाला.

एक सावधगिरी. आपण वैद्य नव्हे. जे मूल जगण्यात रस नाही असे बोलते, अंगावर जखमा दाखवते किंवा एकाएकी गप्प होते, त्याला आपल्या गोड शब्दांवर ठेवू नये. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना त्याच दिवशी विश्वासात घ्यावे आणि जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. मात्र छळ घरातच होत असेल, तर घरच्यांऐवजी 1098 या बालकांच्या मदतक्रमांकाला कळवावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू असून 14416 हा तिचा क्रमांक आहे. तो विनाशुल्क आहे आणि दिवसरात्र चालतो. मराठीतही बोलता येते. शिक्षकांनी स्वतःसाठीही तो लावायला हरकत नाही. घरी दुखणे, डोक्यावर कर्ज आणि बदलीची टांगती तलवार घेऊन आपल्यापैकी किती जण हसतमुखाने वर्गावर जातात, हे मी पाहिलेले आहे.

केंद्रप्रमुखांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले, तेव्हा आवरतो. यंदा ज्यांच्या वर्गात अशी मुले आहेत त्यांनी चहानंतर माझ्याजवळ बसावे. नावे कागदावर लिहू नयेत. मला सांगावीत, आणि कोणत्या घरी कोणी कधी जायचे, ते आपण आजच ठरवू.